थिसिस टायपिंग-बायंडिंगचं दुकान, जळगाव : पाचपैकी साडेतीन

दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या त्यांनी सगळ्या निस्तरून दिल्या आणि मालक दादा माणूस म्हणून चांगलाय. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच.

आधी काम काय होतं ते सांगते. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, टीवायच्या पोरांना सिनेमाचा पेपर पण माझ्याकडेच आहे कारण तो दुसऱ्या कोणाला नको होता. थिसिस त्यातूनच निघाला, मराठी सिनेमात आणि चित्रकथांमध्ये तृतीयपंथी माणसं कशी दाखवलीत आणि ते इकडच्या वर्गात शिकवायचं कसं. विषय सांगितला की अर्धे लोक म्हणतात असा पण विषय असतो का, आणि उरलेले नुसतेच बघतात. दादाने फक्त "पानं किती?" विचारलं. अर्धा स्टार तिथेच दिला मी.

अर्धा मजकूर हाताने लिहिलेला आणि अर्धा जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला, तो युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसेल असा) करून हवा होता. श्रीलिपीचं युनिकोड करताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीय. यांच्याकडे तो त्रास अगदी कमी झाला. रेट पण ठीक, हाताचं पान २५ रुपये आणि कन्व्हर्ट करून तपासलेलं १०. चार दिवसांत फाईल हातात. इथपर्यंत मी खूश होते.

घरी येऊन प्रस्तावना उघडली तर वाक्य असं, "किन्नर आणि किन्नर या दोन शब्दांत फरक करणे आवश्यक आहे."

मी तीनदा वाचलं. झालं असं की दादाला हिजडा हा शब्द थिसिसमध्ये बरा वाटला नाही म्हणून त्याने फाईंड-रिप्लेस मारून सगळीकडे किन्नर करून टाकलं. आता यात गंमत अशी की माझा अख्खा पहिला चॅप्टर या शब्दांवरच आहे. हिजडा कुठे म्हणायचं, म्हणजे ती माणसं स्वतःला म्हणवतात तिथे आणि सिनेमातलं पात्र शिवी म्हणून वापरतं तिथे पण, तृतीयपंथी कुठे, ट्रान्सजेंडरला पारलिंगी कुठे म्हणायचं, आणि किन्नर फक्त मूळ मजकुरात असेल तिथेच. हे ठरवण्यात माझं आणि गाईड मॅडमचं दीड वर्ष गेलं. आम्ही उगाच कीस पाडत नव्हतो, अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेसने २०१४ ला ट्रान्सजेंडर स्टडीजचं त्रैमासिक सुरू केलं तर त्याचा पहिला अंकच एकेका शब्दावरच्या छोट्या छोट्या टिपणांचा होता. आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल आला, की माणूस आपली ओळख स्वतः ठरवणार. लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात कोर्टापुढे होत्या, आणि त्यांच्या आत्मकथनाचं नाव माझ्या संदर्भयादीत "मी किन्नर, मी लक्ष्मी" झालेलं! बाईने स्वतः निवडलेला शब्द आमच्या दादाने सभ्यपणाने पुसला.

दुकानात गेले तेव्हा रागात होते. दादा शांतपणे म्हणतो, "मॅडम, थिसिस लायब्ररीत राहतो, उद्या तुमचीच पोरं वाचतील." वर म्हणतो, "आणि तुमचं पर्सेंटेज पण कमी येईल बघा." म्हणजे प्लेजरिझमचं, दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती मजकूर जुळतो त्याचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत चालतं, आणि अवतरणांमधले शब्दच बदलले तर सॉफ्टवेअरला ती ओळखू कशी येणार, हे त्याचं डोकं. चुकीचं होतं पण डोकं होतं हे मान्य करावं लागेल. नंतर सगळं परत बदलून दिलं, एक रुपया घेतला नाही, पण कुठला किन्नर मुळातला आणि कुठला दादाचा हे शोधायला मला शेजारी स्टुलावर अडीच दिवस बसावं लागलं. चहा त्यांचा.

त्या अडीच दिवसांत आणखी सापडलं. फाळकेंच्या १९१७ च्या लंका दहनमध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, त्याआधी १९१३ च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामती पण तेच. बाई मिळेना म्हणून पुरुषाला साडी नेसवून आपला सिनेमा सुरू झाला, इथूनच मी वर्गात सुरुवात करते, पोरं हसतात आणि मग पाच मिनिटांनी कोणीतरी विचारतं की मॅडम मग राम बघताना लोकांना सीता दिसत नसेल का. तर माझ्या तक्त्यात दोन ओळी होत्या, राम अण्णा साळुंके, सीता अण्णा साळुंके. ऑपरेटर पोराने सीतेची ओळ उडवली. "मले वाटलं चुकून दोनदा टाईप झालं मॅडम." मी काय बोलणार त्याला.

चित्रकथांच्या पानांचं मात्र खरंच वाईट वाटलं. माझ्या मामाच्या पेटीतले इंद्रजाल कॉमिक्स, वेताळवाले, त्यातूनच मला ही आवड लागली (१९६४ ला सुरू झाले आणि १९९० ला बंद, मामाने एक अंक रद्दीत जाऊ दिला नाही). चित्रकथा शिकवताना पहिली गोष्ट मी सांगते ती म्हणजे दोन चौकटींमधली पांढरी फट. तिथे काही काढलेलं नसतं पण गोष्ट तिथेच घडते, वाचणारा घडवतो. माझ्या थिसिसमधलं पान विराटपर्वातलं होतं. पहिल्या चौकटीत बृहन्नडा उत्तराचा रथ हाकतेय, पुढच्या चौकटीत शमीच्या झाडाखाली अर्जुन धनुष्य घेऊन उभा. बाई कुठे संपली, पुरुष कुठे सुरू झाला, चित्रकाराने काढलंच नाही, ते फटीत सोडलंय, आणि माझी सहा पानं त्या फटीवर आहेत. दुकानात स्कॅन करताना जागा वाचवायची म्हणून सगळ्या चौकटी क्रॉप करून चिकटवल्या. फटच नाही! खाली माझं वाक्य, "येथील रिकामी जागा लक्षपूर्वक पाहावी." नशीब गाईड मॅडमना प्रिंट पाठवली नव्हती.

परत स्कॅन केलं, ३०० डीपीआय, नीट. सिनेमातल्या फ्रेम्स ब्लॅक अँड व्हाईटमध्ये नुसत्या काळ्या येतात, त्या कलरच घ्या, पानाला १० रुपये लागतात, तिथे कंजूषी करू नका.

साडेतीन स्टार द्यायचं खरं कारण तो ऑपरेटर पोरगा. माझ्याकडे वर्गात पोरं म्हणतात की हे सगळं मुंबई-पुण्याचं, आपल्याकडे कुठे असतं, म्हणून मी शेवटच्या चॅप्टरमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या तृतीयपंथी अंजली पाटील यांची केस घेतलीय. ग्रामपंचायतीला महिलांच्या जागेवर अर्ज भरला, तो बाद केला, त्या हायकोर्टात गेल्या, औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये लढायची परवानगी दिली आणि त्या निवडूनही आल्या. मी लिहिलं होतं, भादली, जि. जळगाव. पोरगा टाईप करता करता थांबला, म्हणे "मॅडम, बुद्रुक लिहा, भादली बुद्रुक. आमच्या बाजूचंच गाव हाये ते." मग मला विचारतो की तुम्ही तिकडे जाऊन आल्या का. नव्हते गेले मी. बातम्या आणि निकाल वाचून लिहिलं होतं सगळं. पुढच्या रविवारी गेले, आणि त्या चॅप्टरला चार पानं वाढली, त्याचे टायपिंगचे पैसे वेगळे लागले ते गोड मानून घेतले.

बायंडिंग चांगलं, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच कॉप्या प्रत्येकी २८० रुपये. सोनेरी अक्षरांना दोन दिवस जास्त धरा. फाईल देताना वर मोठ्या अक्षरात लिहून द्या की एकही शब्द बदलायचा नाही, मी आता सगळ्यांना तेच सांगते. दुपारी दीड ते तीन शटर अर्धं खाली असतं पण आवाज दिला तर उघडतात. पेन ड्राईव्ह घरी आणल्यावर व्हायरससाठी स्कॅन करून घ्या, माझ्यात दोन शॉर्टकट फाईली आणि कोणाच्या तरी हळदीचे फोटो आले होते.