मुलांची रसायन प्रयोगपेटी: मिश्रणांसाठी जरूर घ्यावी, पुस्तिका मात्र आधी तपासावी

सहावीत शिकणारी माझी मुलगी आणि चौथीतला माझा भाचा या दोघांसाठी मी मे महिन्याच्या सुटीत सोलापुरातल्या नवी पेठेतील एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून ही प्रयोगपेटी ७५० रुपयांना घेतली. द्रव्याचे गुणधर्म, मिश्रणे आणि आम्ले अशा तीन भागांत मिळून तिच्यात २४ प्रयोग दिले आहेत. त्यांपैकी १९ प्रयोग आम्ही महिनाभरात केले, काही दोनदा केले, आणि त्यानंतरच हे परीक्षण लिहायला घेतले.

पेटीचा सर्वांत सरस भाग मिश्रणांचा आहे. वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस एकत्र करून मुलांच्या हाती द्यायचा आणि तिन्ही पदार्थ पुन्हा वेगळे करायला सांगायचे, हा प्रयोग जुनाच आहे, पण साहित्य योग्य प्रमाणात दिलेले असल्यामुळे तो पहिल्या प्रयत्नात जमतो. एक सूचना मात्र पुस्तिकेत हवी होती. चुंबक थेट मिश्रणात फिरवला तर कीस त्याला दाढीसारखा चिकटून बसतो आणि बोटांनी खरवडूनही पुरता निघत नाही. चुंबक पातळ पिशवीत घालून फिरवावा आणि मग पिशवीतून बाहेर ओढून घ्यावा, म्हणजे सगळा कीस कागदावर आपोआप गळून पडतो. उरलेल्या वाळू-मिठात पाणी घालून ढवळले, गाळण कागदातून गाळले आणि खाली आलेले स्वच्छ पाणी स्टीलच्या ताटलीत पसरून गच्चीवर ठेवले. सोलापूरचे ऊन या कामी इतके उपयोगी पडले की सकाळी दहाला ठेवलेल्या ताटलीच्या कडेने दुपारी चारपर्यंत पांढरा थर धरला होता. पेटीतल्या भिंगातून पाहिले तर मिठाचा प्रत्येक कण लहानशा चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. “आई, हे कुणी कापून ठेवलेत का?” असे मुलीने विचारले, आणि स्फटिक या शब्दाची ओळख मला तेथूनच करून देता आली.

विरघळण्याच्या मर्यादेचा प्रयोगही मनापासून आवडला. १०० मिलिलिटर पाण्यात थोडे थोडे मीठ घालून ढवळत राहायचे आणि तळाशी मीठ साचू लागले की थांबायचे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजत गेलो तेव्हा ३५ ग्रॅमनंतर मीठ खाली बसू लागले. प्रत्यक्ष मर्यादा सुमारे ३६ ग्रॅमची आहे, म्हणजे मुलांचे मोजमाप चांगलेच जवळ आले. पाणी तापवले तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. साखरेचे तसे नाही. तेवढ्याच पाण्यात ती सुमारे २०० ग्रॅम विरघळते आणि पाणी तापवले की आणखी पुष्कळ मावते. समांगी (सगळीकडे सारखी) आणि विषमांगी (जागोजागी वेगळी) मिश्रणांसाठी पुस्तिकेने दिलेली उदाहरणे रूक्ष वाटली, म्हणून मी शेंगाचटणीची वाटी पुढे ठेवली. एका चिमटीत लसूण अधिक येतो, दुसरीत शेंगदाण्याचा कूट, तर मिठाच्या पाण्याचा प्रत्येक थेंब सारखाच खारट लागतो, हे चौथीतल्या मुलालाही लगेच पटले.

द्रव्याच्या गुणधर्मांचा भाग साधारण आहे. घनतेचे प्रयोग ठीक आहेत. तेलाच्या पिशवीवर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असे दोन आकडे शेजारी का छापलेले असतात, याचे उत्तर त्यातून मुलांना स्वतः काढता येते. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या प्रयोगाने मात्र आमची संध्याकाळ सार्थकी लावली. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळेल असे पुस्तिका सांगते, पण आमच्या पातेल्यात पाणी खळखळून उकळत असतानाही तापमापीचा पारा नव्हे, त्यातला लाल द्रव, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास अडून राहिला. तापमापी सदोष असेल म्हणून ती वितळत्या बर्फात बुडवून पाहिली, तर ती बरोबर शून्यावर आली. मग कारण शोधले. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, येथे हवेचा दाब थोडा कमी असतो आणि दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. म्हणजे दीड अंशाची ती तूट हा दोष नव्हता. आपल्या गावाची उंची त्या काचेच्या नळीत दिसत होती. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ असती, तर आपलाच प्रयोग चुकला असे मुलांना अर्धा तास वाटत राहिले नसते.

आता आम्लांच्या भागाकडे येते, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. पुस्तिका हिंदीवरून घाईने मराठीत उतरवलेली आहे. स्थायूला तिच्यात ठोस म्हटले आहे, द्रावणाला विलयन, आणि आम्लारीला, म्हणजे आम्लाचा गुण मारणाऱ्या पदार्थाला, चक्क क्षार. पहिल्या दोन शब्दांनी केवळ अडखळायला होते, तिसऱ्याने विज्ञानच उलटे होते. शाळेच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी तयार होते. या पुस्तिकेत आम्ल आणि क्षार यांच्यातून लवण आणि पाणी तयार होते. दोन्ही वाचल्यावर भाच्याने मला विचारले, “आत्या, क्षार आधी असतो की नंतर तयार होतो?” त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. बोअरच्या पाण्याने भांड्यांवर जो पांढरा थर चढतो, त्याला आपल्याकडे घरोघरी क्षारच म्हणतात, आणि त्यावर लिंबू चोळले की तो फसफसून सुटतो हेही मुलांनी पाहिलेले असते. ज्या शब्दाचा अर्थ मूल घरातून घेऊन येते, तोच शब्द विरुद्ध अर्थाने छापणे ही किरकोळ चूक मानता येणार नाही. मी प्रत्येक पानावर पेनाने दुरुस्ती केली आणि मगच पुस्तिका मुलांच्या हाती दिली.

आम्ल आणि आम्लारी रंगावरून ओळखून देणाऱ्या लिटमस कागदाच्या पट्ट्याही निराशाजनक निघाल्या. निळ्या पट्ट्या डबीतच जांभळट झाल्या होत्या, त्यामुळे लिंबाच्या रसाने झालेला बदल नीट दिसेना. दुकानदाराने दुसरी डबी विनातक्रार बदलून दिली, पण तोवर आम्ही हळदीकडे वळलो होतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या गाळण कागदाच्या पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की ती तांबूस होते आणि त्याच जागी लिंबाचा रस टाकला की पुन्हा पिवळी. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरचे कुंकू प्रसिद्ध आहे, आणि पारंपरिक कुंकू हळदीला चुन्यासारख्या आम्लारीची जोड देऊनच लाल होते, हे सांगितल्यावर मुलांनी ती पट्टी देव्हाऱ्यातल्या कोयरीशेजारी धरून रंग ताडून पाहिला. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क तर याहून सुंदर आहे: लिंबात गडद गुलाबी, सोड्यात हिरवट.

सुरक्षेबाबत दोन गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात. एका प्रयोगासाठी घरातील संडास साफ करण्याचे आम्ल आणायला सांगितले आहे. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते डोळ्यांत किंवा कातडीवर गेले तर इजा होते, आणि ब्लीचिंग पावडरशी त्याचा संपर्क आला तर विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. तो प्रयोग मी करू दिला नाही आणि इतर पालकांनीही करू देऊ नये असे मला वाटते. दुसरे म्हणजे पेटीत चष्मा नाही. पुस्तिका चुन्याची निवळी वापरायला सांगते, आणि पानाचा चुना डोळ्यांत उडाला तर दृष्टीवर बेतू शकते. निवळी मी स्वतः तयार केली, चुना रात्रभर तळाशी बसू दिला आणि वरचे नितळ पाणी तेवढे ओतून घेतले. सोडा आणि व्हिनेगर यांच्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यात सोडल्यावर ते दुधासारखे पांढरे झाले, तेव्हा दोघांच्याही डोळ्यांवर बाजारातून वेगळे आणलेले चष्मे होते.

नरसाळे, मोजपात्र आणि परीक्षानळ्या जाड प्लास्टिकच्या असून महिनाभराच्या वापरानंतरही शाबूत आहेत. गाळण कागद मात्र दहाच दिले आहेत, ते आठवड्यात संपतात. मी या पेटीला पाचपैकी तीन गुण देते. वय वर्षे नऊ ते बाराच्या मुलांसाठी, शेजारी मोठे माणूस बसणार असेल तरच ती घ्यावी, आणि खरेदी करताना दुकानातच डबी उघडून निळा लिटमस निळा आहे ना, हे पाहून घ्यावे.