टुटाचा कामगंध सापळा : ल्यूर उत्तम, माहितीपत्रक मात्र दिशाभूल करणारे

जुन्नर तालुक्यातील माझ्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये लावणीनंतर पंधरवड्याने मी टोमॅटोची पाने पोखरणाऱ्या टुटा या किडीसाठी मिळणाऱ्या या संचातील दोन डेल्टा (तिकोनी) सापळे लावले. ल्यूरबद्दल, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या आमिषाबद्दल, तक्रार करण्यास जागा नाही. तिसऱ्याच सकाळी चिकट कागदावर अकरा पतंग सापडले. हे सारे नर असतात, त्यामुळे सापळ्याने किडीची चाहूल लागते, बंदोबस्त होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. कच्च्या रस्त्याकडेच्या सापळ्याचा कागद धुळीने आठवड्यात निकामी झाला, तो दोष माझ्या जागेचा.

खरी अडचण माहितीपत्रकाची आहे. त्यावर छापलेला जाडजूड, पिवळसर तपकिरी पतंग उघडच फळ पोखरणाऱ्या अळीचा आहे. टुटाचा पतंग जेमतेम सहा-सात मिलिमीटर लांब, म्हणजे साळीच्या दाण्याएवढा असतो. करड्या रुपेरी पंखांवर काळे ठिपके, मण्यांच्या माळेसारख्या बारीक मिशा, आणि भिंगाखाली धरल्यास मागच्या अरुंद पंखांना लांब केसांची झालर व तोंडापुढून वर वळलेली शिंगांसारख्या स्पर्शकांची जोडी दिसते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा पतंगही याच गेलेचिडी कुळातला आहे. चित्र पाहून मोजणी करणारा शेतकरी हे चिमुकले पतंग चिलटे समजून सोडून देईल, आणि २०१४ मध्ये ही कीड भारतात प्रथम नोंदली गेली ती आपल्याच पुणे जिल्ह्यात, हे पाहता अशी चूक खपवून घेण्याजोगी नाही.

पत्रकातील ‘टुटा ॲब्सोल्युटा’ हे नाव चुकीचे म्हणता येणार नाही, पण ते जुने झाले आहे. कीटकशास्त्रज्ञ मेरिक यांनी १९१७ मध्ये पेरूतील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले, तेव्हा तिला फ्थोरिमिया या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) ठेवले होते. पुढे बरीच घरे फिरून १९९४ मध्ये ती टुटा प्रजातीत आली आणि २०२१ मध्ये पुन्हा माहेरी गेली. बटाट्यावरील पतंगही फ्थोरिमियाच आहे, तरीही दोघांचे कामगंध निराळे असल्याने एकाचे ल्यूर दुसऱ्याला चालत नाही. दुकानदाराने “एकच आहे” म्हणून बटाट्याचे ल्यूर पुढे केले, तर ते घेऊ नये.

पुढच्या हंगामातही मी हाच संच घेईन. ओळखीसाठी मात्र पहिल्या कागदावरचा एक पतंग आगपेटीत जपून ठेवला आहे.