नॅनोव्हीएनए-एच: कोॲक्सचा लॉस मोजायला कितपत भरवशाचा?

कोॲक्स केबल किती सिग्नल खाते (म्हणजेच तिचा लॉस) हे पाहायला तळहातावर मावणारा हा ॲनालायझर, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचा सिग्नल सोडून मोजणारं यंत्र, पुरतो, पण ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच निर्धास्तपणे. त्यापुढे तो आतल्या ऑसिलेटरच्या हार्मोनिक्सवर (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींवर) चालतो, डायनॅमिक रेंज (किती क्षीण सिग्नलपर्यंत मोजता येतं ती मर्यादा) घटते आणि रेषा थरथरू लागते.

खरी मेख कॅलिब्रेशनची. आधी फ्रिक्वेन्सीची रेंज ठरवा, मग ओपन (टोक उघडं), शॉर्ट (टोक जोडलेलं), लोड (५० ओहमचा रोध), थ्रू (दोन्ही पोर्ट एकमेकांना जोडलेले) करा. तेही जोडकेबल्सच्या (यंत्रापासून तपासायच्या केबलपर्यंतच्या छोट्या केबल्सच्या) टोकाशी. पोर्टवरच केलंत तर जोडकेबल्स आणि ॲडॉप्टरचा लॉसही मोजला जातो. स्क्रीनच्या डाव्या कडेला कॅपिटल सी हवा. स्मॉल सी म्हणजे नंतर रेंज बदलली आहे आणि यंत्र मधले आकडे अंदाजाने भरतंय.

दोन्ही टोकं हाताशी असतील तर एस२१ (एका टोकातून सोडलेला सिग्नल दुसऱ्या टोकाला किती पोहोचतो ते) वाचा. १० मीटर आरजी-५८ ला १४५ मेगाहर्ट्झवर साधारण २ डेसिबल यायला हवेत. ३-४ आले तर आधी कनेक्टर तपासा, मग पाणी शिरलंय का ते पाहा: आवरण सोलल्यावर वेणी (मधल्या तारेभोवतीची धातूची जाळी) काळवंडलेली दिसली तर केबल बदलाच.

केबल मास्टवर चढवलेली असेल तर अँटेना सोडवा, वरचं टोक उघडं ठेवून रिटर्न लॉस (परत येणारा सिग्नल किती डेसिबल कमी झाला ते) घ्या आणि निम्मा करा, कारण सिग्नल जाऊन परत येतो. तेच टोक शॉर्ट करून पुन्हा घ्या. दोन्हींची सरासरी जास्त खरी. अँटेना जोडलेली असताना एसडब्ल्यूआर (किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप, कमी तितकं चांगलं) छान दिसला म्हणून केबल चांगली ठरत नाही. जास्त लॉसची केबल परतणारा सिग्नलच गिळते आणि एसडब्ल्यूआर सुधारल्यासारखा दिसतो.

७५ ओहमची आरजी-६ या ५० ओहमच्या यंत्राला लावली की एस२१ च्या रेषेवर ०.७ डेसिबलपर्यंत लाटा उठतात. लाटेचा माथा वाचा, तोच केबलच्या खऱ्या लॉसच्या जवळ असतो. ३० मीटरच्या केबलवर ही लाट सुमारे दर ४ मेगाहर्ट्झला येते. ९०० मेगाहर्ट्झचा स्वीप (फ्रिक्वेन्सीची एक फेरी) १०१ बिंदूंत घेतला तर दोन बिंदूंत ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं आणि स्क्रीनवर भलतीच आकृती उमटते. स्पॅन (मोजायच्या रेंजची रुंदी) २० मेगाहर्ट्झवर आणा.

एसएमए सॉकेट (केबल जोडायचे छोटे, आट्यांचे पोर्ट) ही याची कमजोर बाजू. फक्त नट फिरवा. कनेक्टरच फिरवला तर मधली पिन सॉकेट घासते. बाहेरची लांब केबल जोडण्याआधी तिची मधली तार वेणीला टेकवून साठलेला चार्ज उतरवा, इनपुट नाजूक आहे.