हवानात एकच संध्याकाळ: फ्लोरिदिता की बोदेगिता?

क्युबाच्या राजधानीत, जुन्या हवानात एकाच बारमध्ये बसण्याएवढा वेळ असेल, तर अडतं ते या दोघांपाशी. डायकिरीसाठी एल फ्लोरिदिता, मोहितोसाठी ला बोदेगिता देल मेदिओ. मधलं अंतर पायी पंधरा मिनिटांचं. पांढरी रम, लिंबू आणि साखर दोन्ही कॉकटेलांत तीच. म्हणजे मूळ गोष्ट ऊसच; रमही त्याच्याच मळीतून निघते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटतो.

पिण्यासाठीच जायचं असेल तर माझं मत सरळ फ्लोरिदिताला. ही जागा 1817 सालची. डायकिरी मात्र इथे जन्मली नाही. ते नाव पूर्वेकडच्या सान्तियागोजवळच्या एका गावाचं, तिथल्या लोखंडाच्या खाणींवरच्या अमेरिकी इंजिनिअरांच्या काळातलं. तिला कीर्ती दिली ती फ्लोरिदिताच्या कोन्स्तान्तिनो रिबालायगुआ या कातालान बारमननं. लाल कोटातला बारमन लिंबू पिळतो, रम ओततो, बर्फासकट मिक्सर फिरवतो आणि निमुळत्या ग्लासात पांढराशुभ्र ढीग येतो. पोत थेट आपल्या बर्फाच्या गोळ्याचा, पण इतका मऊ की दाताखाली कण येत नाही. घाईनं ओढलं तर कपाळ ठणकतं. अमेरिकी लेखक हेमिंग्वेच्या नावाची 'पापा दोब्ले'ही मिळते: रम दुप्पट, साखर नाही, ग्रेपफ्रूटचा रस आणि मारास्किनो हे चेरीचं मद्य. पिण्याची फार सवय नसेल तर ती मागवू नका, साधीच घ्या. बारच्या टोकाला त्याचा ब्राँझचा पुतळा 2003 पासून टेकून उभा आहे.

बोदेगिताची गोष्ट घरगुती. 1942 मध्ये आन्हेल मार्तीनेसनं घेतलेलं किराणा दुकान, त्याचीच पुढे खानावळ झाली. दुकान कोपऱ्यावर नसून गल्लीच्या मध्यावर, म्हणून 'देल मेदिओ'. भिंती पाहुण्यांच्या सह्यांनी भरल्यात. क्युबन कवी निकोलास गियेन इथे नेहमी यायचा. काउंटरवर ग्लासांची रांग लागते, प्रत्येकात देठासकट यर्बा बुएना. हा आपल्या पुदिन्याचा भाऊबंद, पण सौम्य. लाकडी बत्त्यानं तो नुसता दाबायचा. चेचला तर कडवट होतो. मग रम आणि सोडा. बारची जागा चिंचोळी, त्यामुळे अर्धे लोक ग्लास घेऊन रस्त्यावर आणि आतलं गाणं तिथवर ऐकू येतं.

'माझा मोहितो बोदेगितात, माझी डायकिरी फ्लोरिदितात' ही हेमिंग्वेची म्हणून बोदेगितात फ्रेममध्ये लावलेली ओळ खरोखर त्याचीच का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. त्याच्यासाठीच जाणार असाल तर फ्लोरिदिताच निवडा.

जेवायचं असेल तर मात्र बोदेगिता. भात, काळा घेवडा, भाजलेलं डुकराचं मांस आणि युका, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. शाकाहारी असाल तर घेवड्यात मांस किंवा चरबी आहे का, हे आधी विचारा. बरोबर आई-बाबा असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर पुन्हा फ्लोरिदिता; दुपारी लवकर गेलात तर बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेतून येणाऱ्यांनी रोख आणावी. तिथल्या बँकांची कार्डं क्युबात चालत नाहीत. वीजटंचाईही आहे, म्हणून निघण्याआधी त्या दिवशी बार उघडा आहे ना, याची मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करा.