ट्रेवाला खुराडा, वापरून वर्ष झालं त्याबद्दल

आमच्याकडे १० कोंबड्या आणि एक कोंबडा, दोन गिरिराज (सुधारित जात) सोडल्या तर सगळ्या गावठी. सासूबाईंच्या वेळचा खुराडा जांभ्या चिऱ्याचा होता, दार एवढंसं, त्यातून हात घालून खराट्याने ओढायचं. खराटा आत गेला की जो कल्लोळ व्हायचा, एक कौलावर एक शेजारच्या फणसावर, आणि पुढचे दोन दिवस अंडी निम्मी. म्हणून गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून ४ बाय ३ फुटाचा लोखंडी खुराडा करून घेतला, ८५०० ला. खाली जाळी आणि त्याखाली ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे.

ट्रेसाठीच पैसे वसूल आहेत. सकाळी दार उघडायचं, अंगणाच्या पार टोकाला मूठभर कणी टाकायची, सगळ्या तिकडे पळाल्या की ट्रे ओढायचा, घाण गोणीत, नवीन भाताचं तूस पसरायचं, १० मिनिटांत काम. कोंबड्यांना पत्ताच नसतो. एकदा पावसात रेनकोट घालून गेले तर कणी टाकूनही सगळ्या बिथरल्या, तेव्हापासून भिजले तरी चालेल पण रोजचाच गाऊन 😄

आणि अंड्याचा कोपरा साफ करताना एक अंडं तिथेच ठेवते, नाहीतर जागा बदलून कुठेतरी झुडपात घालतात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली असेल तर तिला २१ दिवस अजिबात हलवत नाही, ती उठून दाण्याला गेली की तेवढ्यात आजूबाजूचं उचलते, बस.

आता तक्रारी. जाळी १ इंची आहे, मोठ्यांना ठीक पण पिल्लांचे पाय अडकतात, मी पिल्लं सरळ डालग्यात (कोंबड्या झाकायच्या टोपलीत) ठेवते. मागचा डावा कोपरा ट्रेच्या बाहेर राहतो, तिथली घाण सुरीने खरवडावी लागते. पावसाळ्यात त्या बाजूने पाणी आत येतं, तूस ओलं झालं की डोळ्याला झोंबणारा वास सुटतो, तो अमोनिया, कोंबड्यांच्या श्वासालाही वाईट. वरून ताडपत्री बांधल्यावर कमी झालं.

लोखंड आहे म्हणजे उवा-किडे होणार नाहीत असं दुकानात सांगितलं होतं, तसं काही नाही हां. बसायची लाकडी दांडी जिथे अडकवलीय तिथल्या फटीत लाल बारीक किडे सापडले, हे दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात त्यामुळे दिवसा बघून कळतच नाही, मी रात्री टॉर्च घेऊन बघितलं तेव्हा समजलं. दांडी सुटी निघते हे मात्र बरं केलंय, काढून उकळतं पाणी ओतलं, दिवसभर उन्हात टाकली आणि संध्याकाळी परत बसवली. असं चार-पाच दिवसांनी तीनदा केलं तेव्हा गेले.

खत फुकट मिळतं, पण ताजं टाकू नका, मी घाईत टाकलं आणि मिरचीची रोपं जळली.

५ पैकी ४. तुम्ही करून घेणार असाल तर ट्रेला पुढे मूठ आणि कडा दुमडून हव्यात हे आधीच सांगा, माझा हात दोनदा कापला आणि नंतर करून घेतलं तर त्याचे वेगळे ६०० लावले.