आरसीचा फोटो मागणाऱ्या मिस्त्रीपासून सावध राहा

माझे २६,२५० रुपये गेले आणि त्याहून वाईट म्हणजे वडिलांनी १९९१ मध्ये घेतलेल्या यामाहा आरएक्स १०० ची मूळ क्रँककेस (इंजिनाचे खालचे कवच, ज्यावर इंजिन नंबर असतो) गेली. हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण सोसायटीत ज्याच्याकडे लोक स्कूटरचा प्लग तपासायला आणतात तो मीच आहे, आणि नेमका मीच फसलो हे घरातही सांगण्याची लाज वाटत होती. पत्नीला खरा आकडा मागच्या आठवड्यात कळला.

मी काही दोन व्हिडिओ पाहून पाना हातात घेतलेला मुलगा नाही. गेले वर्षभर दर रविवारी, मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, सेक्रेटरींची बोलणी खात मी ही गाडी स्वतः खोलली. प्रत्येक नट, वॉशर वेगळ्या पिशवीत चिठ्ठी लावून ठेवला, कार्बोरेटरचे जेट स्वतः साफ केले, वायरिंग नवीन ओढले, सीट थोडी आखूड करून घेतली, हँडल सरळ बसवले आणि टाकीचा रंग मात्र जसा होता तसाच ठेवला. फ्रेमच्या पावडर कोटिंगला ५,५०० आणि मडगार्ड-सायलेन्सरच्या क्रोमला ४,२०० रुपये गेले, पण ते काम चोख झाले, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन शनिवार पायपीट करून मिळवलेली साइड पॅनेलची जोडीसुद्धा अस्सल निघाली. ज्यांच्याकडे फसण्याची भीती होती तिथे फसलो नाही.

इंजिनाचे खालचे काम मात्र घरी होत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचे, ऑइल सील कडक झाले की एका बाजूने हवा ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूने गिअरचे ऑइल आत जाऊन पांढरा धूर निघतो. माझ्या गाडीत दोन्ही होत होते, शिवाय पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड ढिला झाला होता. या गाडीचा क्रँक दाबून जोडलेला असतो, त्यामुळे रॉड बदलायचा तर हायड्रॉलिक प्रेस लागतो आणि नंतर डायल गेज लावून क्रँक सरळ करावा लागतो. हे जिन्याखाली कोण करणार? म्हणून इंजिन बाहेर देणे हा मूर्खपणा नव्हता, हे मी आजही म्हणेन. मूर्खपणा पुढे झाला.

पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजचे नाव ओळखीच्याने सुचवले. मालकाने इंजिनावर हात ठेवून विचारले, "वडिलांची गाडी का साहेब?" आणि मी विरघळलो. गणपती गेल्यावर ८,००० रुपये आगाऊ दिले. मग ठरलेल्या चालीने मागण्या येत गेल्या: रॉड किट आणि क्रँकसाठी ६,५००, "बाहेरच्या देशातल्या" बेअरिंग आणि सीलसाठी २,८००, गिअर झिजले म्हणून ५,२००, आणि शेवटी क्रँककेसला तडा असल्याने वेल्डिंग व लेथकामासाठी ३,७५०. पैसे तीन वेगवेगळ्या यूपीआय खात्यांवर गेले, त्यातले एक त्याच्या मेहुण्याचे. बिल एकाही रकमेचे नाही. खाते बदलले त्या क्षणी हात आखडा, हे मी दुसऱ्यांना शंभर वेळा सांगितले असेल.

पण खरा क्षण तो नव्हता. दादरला फलाटावर गाडीची वाट पाहत असताना त्याचा संदेश आला की पार्ट मागवायला आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा, फोटो पाठवा. असला पार्ट आरसीवरून मिळत नाही. तो मॉडेलवरून मिळतो, फार तर जुना पार्ट समोर ठेवून मिळतो. हे मला माहीत आहे, तेव्हाही माहीत होते, आणि तरी मी पाकिटातून आरसी काढून, फलाटावरच्या उजेडात नीट धरून, नंबर स्पष्ट यावा म्हणून दोनदा फोटो काढून त्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याने "तुमची केस, वेल्डिंग झाले" म्हणून एक फोटो पाठवला. ज्या जागी इंजिन नंबर असतो ती जागा त्या फोटोत कोरी आहे. सपाट, चकचकीत, एकही अक्षर नाही. मी त्याला अंगठा पाठवला. तो अंगठा अजून त्या संभाषणात आहे आणि मी तो रोज पाहतो.

दिवाळीच्या आधी इंजिन मिळाले ते सुंदर काळ्या रंगात. जुना रॉड, बेअरिंग, सील मागितले तर "भंगारात गेले". (जुने पार्ट परत मिळणार नसतील तर काम देऊच नका.) नंबरच्या जागेवर रंगाचा जाड थर होता, तोही मला नीटनेटकेपणा वाटला. इंजिन तिसऱ्या किकला सुरू झाले आणि मी त्याला पेढे नेऊन दिले.

नोंदणीची पहिली १५ वर्षे सरल्यावर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते, त्यामुळे यंदा, २०२६ मध्ये, गाडी आरटीओत न्यावी लागली. तपासणी अधिकाऱ्याने नंबरवरचा रंग खरवडला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "हा कारखान्याचा पंच नाही." खरोखरच नव्हता: अक्षरे कमी-जास्त खोल, दोन आकडे तिरके. बाजारात मिळणारी कोरी केस लावून, तिच्यावर माझ्याच आरसीवरचा नंबर हाताने ठोकला होता आणि अस्सल केस विकून टाकली होती. चांगल्या मूळ केसला गिऱ्हाईक वाट पाहत असते.

इथून पुढे माझी जी फरफट झाली, तिच्यापुढे तो मिस्त्री सज्जन वाटावा. आरटीओ म्हणते, नंबरमध्ये फेरफार आहे, पोलिसांचा अहवाल आणा. पोलीस ठाण्यात विचारतात, गाडी तुमच्याकडेच आहे, नंबरही आरसीवरचाच आहे, मग चोरीला गेले काय? मी सांगितले की विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर विकली, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे आणि विश्वासघाताला ३१६ आहे. त्यावर "वकील आहात का?" असे विचारून त्यांनी व्यवहार दिवाणी स्वरूपाचा ठरवला आणि साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. जाता जाता एकाने हेही ऐकवले की नंबर बनावट असेल तर तुम्हीच अडचणीत याल. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर ही सायबर फसवणूक नसून कामाचा वाद आहे असे उत्तर मिळाले, बँकेने पिन तुम्हीच टाकला होता असे लेखी कळवले. पुन्हा आरटीओत गेलो तर आधीचे अधिकारी बदलून गेले होते आणि नव्यांनी सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. एका खिडकीवर मला "जुनी गाडी भंगारात का नाही काढत?" असा सल्लाही फुकट मिळाला. म्हणजे माझ्या वडिलांच्या गाडीवर खोटा नंबर ठोकणारा गॅरेज उघडून बसला आहे, आणि संशयित मी आहे.

पुरावा मागतात. माझ्याकडे खोललेल्या गाडीचे ३४० फोटो आहेत. क्लचच्या स्प्रिंगांचे आहेत, चोकच्या तारेचे आहेत. मूळ नंबर असलेल्या जागेचा एकच फोटो आहे आणि त्यात नेमके माझेच फडके नंबरावर पडलेले आहे. इंजिन हातातून सोडण्यापूर्वी नंबराचा जवळून फोटो काढा, पेन्सिलने त्याचा कागदावर छाप घ्या, आणि केसच्या आतल्या बाजूला स्वतःची एखादी खूण कोरून ठेवा. मिस्त्रीला ती सांगू नका.

मिस्त्री म्हणतो, "तुम्ही दिली तीच केस आहे." त्याच्या कोऱ्या केसच्या फोटोची प्रिंट काढून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. तो फोटो जपून ठेवला एवढेच माझ्याकडून शहाणपणाचे झाले. समोरच्याने नोटीस घेतलेली नाही. आरटीओने पुढच्या सोमवारी मूळ आरसी घेऊन बोलावले आहे. तीच आरसी मी त्यांना याआधी तीनदा दाखवली आहे.