ब्रश पाण्यात धुतला, तिथेच कळायला हवं होतं

सोलापुरात आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं. त्यामुळे प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, हात मारून झाल्यावर पेंटरने मोरीतल्या भरल्या बादलीत ब्रश बुचकळला, तेव्हा मी ओरडले ती पाण्यासाठी. "चुकलं बाई," म्हणत त्याने बादली ओतून दिली. पांढरंफटक पाणी मोरीतून वाहून गेलं. त्याबरोबर माझे ३७ हजार रुपयेही चालले होते, हे कळायला पाच महिने लागले.

घर पूर्व भागातलं, सासऱ्यांनी बांधलेलं. सागवानी दारं, त्यावर जुना हिरवा ऑईलपेंट. खिडक्यांना लोखंडी जाळ्या. स्वयंपाकघरात आधी चूल, मग रॉकेलचा स्टोव्ह, त्यामुळे एक भिंत काजळीने काळवंडलेली. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेला, पाहुणे येणार म्हणून डिसेंबरात घराला रंग द्यायचं ठरवलं. प्रायमर ऑईलचाच हवा, एवढं मी पक्कं केलं होतं. गुळगुळीत जुन्या ऑईलपेंटवर साधा पाण्यातला प्रायमर नीट धरत नाही. काजळीचे आणि ओलीचे डाग पाण्याने सुटतात आणि रंगातून वर येतात, ऑईल प्रायमर ते खाली दाबून ठेवतो. उघड्या लोखंडाला तर पाणी लावायचंच नाही.

हे सगळं मी पेंटरला ऐकवलं. तो मान डोलवत होता. "मटेरियलसकट द्या की बाई, तुम्हाला कशाला दुकानाचे हेलपाटे?" वहीचं पान फाडून हिशोब दिला: ऑईल वुड प्रायमर ८ लिटर, जाळ्यांना गंज धरू नये म्हणून लावायचा रेड ऑक्साईड प्रायमर ४ लिटर, टर्पेंटाईन ५ लिटर. पक्की पावती नाही. निम्मे पैसे आगाऊ.

आता त्याची हुशारी ऐका. डबे आले ते नामांकित कंपनीचे, पण झाकणं आधीच उघडलेली. "आत टोकन असतं ना बाई, ते आम्ही काढून घेतो." पेंटरसाठी डब्यात कंपनीचं बक्षिसाचं टोकन असतं हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसले. रोज सकाळी पॅसेजमध्ये एका ताटलीत टर्पेंटाईन ओतून ठेवायचा आणि त्यात बुडवलेली चिंधी कडीला लटकवायचा. घरभर असा वास, की मीच शेजारणीला कौतुकाने सांगितलं, अस्सल माल आहे, डोकं उठलंय नुसतं! आत डब्यात होता भिंतीचा पाण्यातला सिमेंट प्रायमर, म्हणूनच ब्रश पाण्यात निघाला; ऑईलचा टर्पेंटाईननेच धुवावा लागतो. जुना डबा, नवा माल.

जाळ्यांना लावलेला प्रायमर पांढरा दिसला तेव्हा मात्र मी विचारलं, "अरे, रेड ऑक्साईड ना हे?" तर म्हणतो, "आता पांढरं निघालंय बाई, वरचा रंग उठून दिसतो." तेहतीस वर्षं मी मुलांना शिकवलं. 'रेड' म्हणजे काय हे मला सांगायला कोणी लागायला नको होतं.

आणखी एक. सकाळी मारलेला प्रायमर जेवणाआधी वाळला आणि दुपारी त्यावर रंगाचा हात गेला. ऑईल प्रायमर असा तास-दोन तासांत वाळत नाही. एक रात्र जाऊ द्यावी लागते. "सोलापूरचं ऊन आहे की ओ," म्हणाला. पटलं मला.

पंधरा दिवसांत स्वयंपाकघराच्या बदामी भिंतीवर चहा सांडल्यासारखे डाग उमटले. फोन केला, तर "गड्डा होऊ द्या, येतो." गड्डा झाला, तो आला नाही. वैशाखात पश्चिमेच्या दाराला फुगे आले. एक फुगा नखाने उचलला तर वीतभर पट्टी सालीसारखी निघून हातात आली. वर नवा रंग, त्याला मागून चिकटलेला पांढरा प्रायमर आणि खाली जुना हिरवा ऑईलपेंट तसाच चकचकीत. त्यावर पॉलिश पेपरचा एक ओरखडा नव्हता. घासायचेही पैसे घेतले होते त्याने.

माझा एक जुना विद्यार्थी रंगाच्या दुकानात काउंटरवर असतो. त्याने घरी येऊन विचारलं, "बाई, स्पिरिट आहे?" इन्सुलिनच्या डब्यातली बाटली दिली. दाराच्या वरच्या कडेला, जिथे कोणी बघत नाही, तिथे नुसता प्रायमर होता, रंग नव्हता. स्पिरिटच्या बोळ्याने त्याने तिथे जोरात घासलं. बोळा पांढरा झाला, प्रायमर मऊ पडून निघाला. मग जुन्या हिरव्यावर दुसरा बोळा घासला, तो तसाच कोरा राहिला. "ऑईलचा असता तर असा सुटला नसता," म्हणाला. मग हिशोबाचं पान बघून हसायला लागला. सात दारं, दोन्ही बाजू धरून तीनशे चौरस फुटांच्या आसपास. लिटरमागे साधारण शंभर फूट धरलं तरी एका हाताला तीन लिटर पुरतात आणि हात एकच मारला होता. आठ लिटर कुठे गेले? गेले नव्हतेच कुठे, आलेच नव्हते.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पहिला प्रश्न पावतीचा. माझ्याकडे वहीचं पान, त्यावर सही नाही.

पावसाळ्यात जाळ्यांवर गंजाचे ठिपके आले आणि मग दुसरा माणूस बोलावला. सत्तरीचे तेलुगू मामा, घरातल्यासारखं मला अक्का म्हणतात. सामान मी आणलं, पक्क्या पावतीने. सील मी तोडलं, टोकन त्यांच्या हातात दिलं. डब्यावरची तारीखही वाचली. मामांनी दारं आधी ओल्या पॉलिश पेपरने घासली. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त विषारी शिसं चालत नाही हा नियम २०१६ चा, त्याआधीच्या थरांत काय आहे कोण जाणे, म्हणून कोरडी धूळ उडवायची नाही. जाळ्या तारेच्या ब्रशने खरवडल्या आणि त्याच दिवशी रेड ऑक्साईड लावलं. विटकरी रंगाचं! काजळीची भिंत आधी साबणाने धुतली. ऑईल प्रायमरचा डबा उघडण्याआधी मला गॅस बंद करायला लावला, देवापुढची समईही शांत करायला सांगितली.

मागच्या खोलीचं प्लास्टर नवं होतं. मी म्हटलं, तिथेही ऑईलच मारा. मामा नाहीच म्हणाले. "नव्या सिमेंटात खार असतो अक्का, ऑईलचा साबण होतो, मग सगळं सुटतं. तिथे पाण्यातलाच." म्हणजे पाण्यातल्या प्रायमरची जागा घरात होती, फक्त दारावर नव्हती.

संध्याकाळी मामांनी ब्रश टर्पेंटाईनमध्ये धुतला आणि ते गढूळ टर्पेंटाईन काचेच्या बरणीत भरून झाकण लावून ठेवलं. दोन दिवसांत गाळ खाली बसला, वरचं नितळ झालं. ते त्यांनी दुसऱ्या हाताला पुन्हा वापरलं. मोरीतली बादली भरलेली तशीच राहिली.